विजेवरील सायकल आणि कायद्याची वेस

(रत्नागिरी येथे सरपंच, पंचायत समिती सदस्य, विस्तार अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



विजेवर चालणाऱ्या सायकलीविषयी बोलावयाचे तर प्रथम एका शब्दाचा घोळ निस्तरणे भाग आहे. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘ई-बाइक’ असा शब्द छापून येतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कधी विजेवरची स्कूटर येते, कधी मोटारसायकल, तर कधी पायडल असलेली साधी सायकल. रस्त्यावर ही तिन्ही वाहने शेजारी शेजारी धावतील; परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांची जात एक नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, महाराष्ट्र शासनाने ई-बाइक टॅक्सीचे नियम केले, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता सायकलवाल्यालाही प्रवासी नेता येईल. तसे ते नाही. त्या नियमांतील ई-बाइक ही नोंदणी झालेली, क्रमांकाची पाटी असलेली मोटार वाहने होत. शिवाय ती योजना एक लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती. त्यामुळे त्या चर्चेशी आपला तूर्त फारसा संबंध येत नाही. आज मी ज्या वाहनाविषयी बोलणार आहे ते याहून पुष्कळ लहान, पुष्कळ स्वस्त, आणि माझ्या समजुतीने आपल्या वाड्यावस्त्यांना अधिक जवळचे आहे.

मोटार वाहन कोणते आणि सायकल कोणती, हे ठरविणारी वेस केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आखलेली आहे. त्यातील दुसऱ्या नियमात बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या असून तिला एक परंतुक जोडलेले आहे. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी असेल आणि वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते वाहन मोटार वाहन समजले जात नाही. पायडलला साह्य करणाऱ्या सायकलीच्या बाबतीत आणखी एक अट आहे. वेग वाढत जाईल तसतसे मोटारीचे साह्य घटत जावे आणि ताशी २५ किलोमीटरला, अथवा त्याआधीच स्वाराने पायडल मारणे थांबविल्यास, ते पूर्ण बंद व्हावे. ब्रेक योग्य हवेत. पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक हवा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हे सर्व खरे असल्याचे नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेले असले पाहिजे. अशा संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही आपल्या राज्यातच, पुण्यास आहे.

वेशीच्या अलीकडे असलेल्या वाहनाला पासिंग लागत नाही, चालकाला लायसन्स लागत नाही, विम्याची व मोटार वाहन कराची सक्ती नाही. वेशीपलीकडे पाऊल पडले की हे सारे लागू होते. अधलेमधले असे काही नाही. पेट्रोलच्या गाड्यांसाठी हीच वेस कायद्याने घनसेंटिमीटरांत आखली आहे. विजेच्या मोटारीला सिलिंडरच नसल्याने तेथे वॉट आणि वेग ही मापे घ्यावी लागली.

पाव किलोवॉट म्हणजे नेमके किती, हे मी कला शाखेचा पदवीधर असल्याने मलाही समजून घ्यावे लागले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. तेव्हा पाव किलोवॉट ही एका अश्वशक्तीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी झाली. धडधाकट माणूस सायकलीवर सातत्याने ७५ ते १०० वॉट खर्च करू शकतो. म्हणजे पाठीमागून दोन-तीन माणसे हात लावीत आहेत, असा याचा अर्थ. सपाट रस्त्यावर हे साह्य भरपूर आहे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यात सपाट रस्ता शोधावा लागतो! आपल्याकडे वाडी खाली, शाळा वर सड्यावर, बाजार खाडीपलीकडे. पाखाडीने चढून जाणारा माणूस दहा मिनिटांत जेथे पोहोचतो, तेथे रस्ता तीन वळणे घेऊन जातो आणि तरीही चढ राहतोच.

याचा हिशेब करून पाहू. बारा फुटांना एक फूट असा चढ धरा. आपल्या गावरस्त्यांवर तो असामान्य नाही. स्वार व सायकल मिळून शंभर किलो वजन आहे आणि ताशी दहा किलोमीटर वेगाने वर जावयाचे आहे. केवळ वजन वर उचलण्यासाठीच सव्वादोनशे वॉटच्या आसपास शक्ती लागते. रस्त्याच्या घर्षणाचे धरले म्हणजे अडीचशे. तेव्हा एकटा स्वार थोडे पायडल मारील तर कायद्यातील सायकल हा चढ चढून जाते. आता मागे साठ किलोचा दुसरा माणूस, अथवा तेवढ्याच वजनाचा माल घाला. तोच चढ त्याच वेगाने चढण्यास चारशे वॉट लागतील. स्वाराने सारा जोर लावला तरी कमी पडते. वेग उतरतो आणि अखेर उतरून ढकलावे लागते. नियमात ‘तीस मिनिटांची शक्ती’ असा शब्द आहे, म्हणजे अर्धा तास सातत्याने देता येईल अशी शक्ती. क्षणभर त्याहून अधिक जोर मोटार देऊ शकते, आणि चांगल्या बांधणीच्या सायकलीत त्याचा लाभ लहान चढावर होतो. लांब घाटीवर तो लाभ टिकत नाही.

नियमाचा परिणाम प्रसारावर कसा होतो, हे येथे स्वच्छ दिसते. हा नियम देशाला एक आहे. गंगेकाठच्या मैदानात तो जेवढा मोकळेपणा देतो, तेवढा कोकणात देत नाही. म्हणूनच आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला अधिक जोराच्या मोटारीचा मोह सहज पडतो, आणि हा मोह ओळखणारा विक्रेताही असतोच.

दुकानातील बोलणे आपण सर्वांनी ऐकले असेल. ‘साहेब, लायसन्स नको, पासिंग नको, हेल्मेट नको, मुलगा शाळेत घेऊन जाईल.’ हे वाक्य प्रमाणित वाहनाबाबत खरे आहे. परंतु त्याच दुकानात कधी कधी पुढचे वाक्य हळू आवाजात येते, की वेग वाढवून हवा असेल तर एक वायर काढली म्हणजे झाले. त्या एका वायरीने सायकल वेशीपलीकडे जाते. ताशी चाळीस किलोमीटरने धावणारे ते वाहन कायद्याने मोटार वाहन ठरते; मात्र त्याला नोंदणी नाही, विमा नाही आणि चालकाजवळ परवाना नाही. अशा बेकायदा फेरबदलांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाने मे २०२२ मध्ये विशेष तपासणी मोहीम हाती घेतली होती. त्या उन्हाळ्यात देशाच्या निरनिराळ्या भागांत विजेवरील दुचाकी पेटल्याच्या बातम्या येत होत्या, हेही त्यामागचे एक कारण होते.

शिक्षक बंधुभगिनींनी येथे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. वाहनात बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास कलम १८२-अ अन्वये वेगळी शिक्षा आहे. नववीतल्या मुलासाठी बापाने मोठ्या हौसेने घेतलेली ‘बिनलायसन्सची’ गाडी, वायर काढली की बापालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करू शकते. आणि दुर्दैवाने त्या गाडीची धडक एखाद्या पादचाऱ्यास बसली, तर नुकसानभरपाई द्यावयास विमा कंपनी नाही. मुंबईत नोकरीस असलेल्या चाकरमान्याने गावी धाडलेल्या पैशातून ती रक्कम उभी करावी लागेल. शाळेच्या आवारात अशी वाहने दिसली तर मुलाला दटावण्याआधी पालकास बोलावून कागद दाखवावयास सांगावा. बहुधा त्या बिचाऱ्यालाही दुकानदाराने खरे सांगितलेले नसते.

आता दुसरी बाजू. नियमातून सूट मिळणे हे वरदान वाटते खरे, परंतु आपल्या व्यवस्थेत नोंदणी नसलेल्या वस्तूचे अस्तित्वही अर्धेच असते. केंद्र शासनाच्या फेम योजनेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०१५ पासून, कमी वेगाच्या काही विजेवरील दुचाकींनाही सवलत मिळत असे. १ एप्रिल २०१९ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात दुचाकीचा वेग ताशी किमान ४० किलोमीटर व एका भारणात किमान ८० किलोमीटर पल्ला अशी अट आली. साहजिकच पाव किलोवॉटची सायकल बाहेर पडली. राज्याची विद्युत वाहन धोरणे २०१८, २०२१ आणि २०२५ साली आली. त्यांतील मुख्य सवलती मोटार वाहन कर व नोंदणी शुल्क यांतील माफीच्या, तसेच नोंदणी झालेल्या वाहनांवरील अनुदानाच्या स्वरूपाच्या आहेत. ज्याला कर मुळातच नाही त्याला करमाफीचा उपयोग काय? अशा रीतीने, एक लाखाची स्कूटर घेणाऱ्याच्या पदरात शासनाचे साह्य पडले आणि पंचवीस-तीस हजारांची सायकल घेणारा तसाच राहिला. कोणी हेतुपुरस्सर केले असे मी म्हणत नाही. सवलतीचा नळ आरटीओच्या नोंदवहीला जोडलेला आहे, आणि त्या नोंदवहीत सायकलीचे नाव नाही, एवढेच. याच कारणाने आपल्या एमएच-०८ च्या हद्दीत अशा सायकली किती, हेही परिवहन खात्याच्या दप्तरावरून सांगता येणार नाही. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी योजना आखणे अवघड जाते, हे पंचायत राज्यात काम करणाऱ्यांना मी सांगावयास नको.

गंमत अशी की, वस्तू व सेवा कराच्या दप्तराने मात्र या सायकलीला आपलेसे केले. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेवरील वाहनांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि त्या वर्गात ई-सायकलीचा स्पष्ट उल्लेख झाला. त्यानंतर सहा वर्षे, २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत, साध्या सायकलीवर १२ टक्के आणि विजेवरील सायकलीवर ५ टक्के असा प्रकार चालू होता! म्हणजे एका खात्याच्या लेखी ती विजेवरील वाहन आहे, दुसऱ्या खात्याच्या लेखी ती मोटार वाहन नाही. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर आहे. दिल्ली शासनाने २०२२ साली यातून वेगळी वाट काढली. तेथे पहिल्या दहा हजार ई-सायकल खरेदीदारांसाठी साडेपाच हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झाले. नोंदणी नसतानाही साह्य देण्याची इच्छा असेल तर मार्ग निघतो, एवढे त्यावरून दिसते.

सायकल आणि कायदा यांचे नाते आपल्याला नवे नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतील सायकलवाल्याला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलीवर लावावा लागे. रात्री दिवा नसला अथवा डबलसीट दिसले की हवालदार चाकाची हवा सोडी, आणि मग दोन्ही स्वार निमूटपणे घरापर्यंत चालत जात. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला जे कर बसविता येतात त्यांत सायकलींवरील कराचाही उल्लेख आहे, हे येथील किती सदस्यांच्या ध्यानात आहे कोण जाणे. तो कर वसूल करण्यास लागणारा खर्च वसुलीहून अधिक होऊ लागला आणि बिल्ले हळूहळू दिसेनासे झाले. विजेवरील सायकली वाढू लागताच एखाद्या उत्साही पंचायतीला त्या कलमाची आठवण होऊ नये, अशी माझी प्रार्थना आहे.

परदेशांत या वाहनाची वाढ नियमांच्याच साच्यात झाली. पायडलला मोटारीचे साह्य देणारी सायकल जपानमध्ये यामाहा कंपनीने १९९३ साली बाजारात आणली. ताशी २४ किलोमीटरला साह्य बंद होईल, या अटीवर तेथे ती सायकलच मानली गेली आणि तिला परवाना लागला नाही. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात अडीचशे वॉट व ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा घालून तिला मोटार वाहनांच्या कक्षेबाहेर ठेवले; आपल्या नियमातील आकडे त्याच्याशी किती जुळतात ते आपल्या लक्षात आलेच असेल. नियम स्वच्छ असला म्हणजे कारखानदारास भरवसा येतो. जर्मनीत २०२३ साली विजेवरील सायकलींची विक्री साध्या सायकलींपेक्षा अधिक झाली. वेगवान सायकलीचा प्रश्न नेदरलँड्सने निराळ्या रीतीने सोडविला. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या सायकली १ जानेवारी २०१७ पासून तेथे मोपेडच्या वर्गात गेल्या; त्यांना पाटी, विमा व शिरस्त्राण लागू झाले.

चीनचा अनुभव मात्र आपण अधिक बारकाईने पाहावा असा आहे. तेथील अनेक शहरांनी पेट्रोलच्या मोटारसायकलींना बंदी केली आणि १९९९ च्या मानकाने ताशी २० किलोमीटर व ४० किलो वजनाच्या आतील विजेवरील दुचाकीस सायकल म्हटले. लोक कोट्यवधींच्या संख्येने तिकडे वळले. परंतु कागदावर सायकल असलेली ही वाहने दर वर्षी जड व वेगवान होत गेली. पायडल नावापुरते उरले. घरी नेल्यावर ते काढून ठेवण्याचीही चाल पडली. अखेर १५ एप्रिल २०१९ पासून नवे सक्तीचे मानक आणावे लागले. त्यात ताशी २५ किलोमीटर, ५५ किलो व ४०० वॉट अशी मर्यादा आणि पायडलची अट घातली गेली. मधल्या वीस वर्षांत विकल्या गेलेल्या वाहनांचे काय करावयाचे, हा प्रश्न एकेका शहराला वर्षानुवर्षे पुरला. त्यातील ४०० वॉट या आकड्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. वेग न वाढविता शक्ती वाढविता येते. डोंगराळ प्रदेशासाठी वेगाची २५ किलोमीटरची मर्यादा तशीच ठेवून मोटारीची शक्ती थोडी वाढवून द्यावी की काय, याचा विचार आपल्याकडेही होण्यासारखा आहे. अपघात वेगाने होतात. चढावर ताशी दहा किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीची शक्ती चारशे वॉट असली म्हणून कोणाला इजा होत नाही. हे माझे वैयक्तिक मत आहे, शासनाचे धोरण नव्हे.

शब्दाची व्याख्या किती लांबवर परिणाम करते, याचे उदाहरण कोकण विभागातच माथेरानला आहे. २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. मोटार वाहनांना तेथे मज्जाव. विजेवरील रिक्षा धूर सोडत नसली तरी मोटार वाहनच. त्यामुळे ती आणण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तोवर ९४ हातरिक्षावाले लाल मातीच्या चढावर माणसे ओढीतच होते.

आपल्या जिल्ह्यात या सायकलीचा उपयोग कोणाला होईल? २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया आहेत. कर्ता पुरुष मुंबईस, आणि घर, शेत, बाजार, दवाखाना यांची ये-जा स्त्रियांकडे, असे चित्र अनेक वाड्यांत आहे. त्यांपैकी अनेकींकडे वाहन चालविण्याचा परवाना नाही. एस. टी. वाडीच्या फाट्यापर्यंत येते. तेथून पुढचे दोन-तीन किलोमीटर पायी. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, मासळी विकावयास जाणारी भगिनी, पोस्टाची थैली घेऊन जाणारा डाकसेवक यांच्यासाठी परवान्याच्या कटकटीविना चालणारे आणि दर भारणास अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज घेणारे हे साधन आहे. छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-तासांच्या बॅटरीत मुळी ०.३६ युनिटच वीज मावते. आपल्या चढांवर पल्ला सपाटीपेक्षा कमी पडेल, तो हिशेब धरूनच अंतर ठरवावे.

सरपंच मंडळींना करता येण्याजोगी कामे लहान आहेत. ग्रामपंचायत कार्यालयाच्या पडवीत, पावसाची झड येणार नाही अशा जागी, अर्थिंग केलेले दोन प्लग आणि एक छप्पर पुरे होते. त्यासाठी मोठ्या चार्जिंग केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण बॅटरी काढून आत नेता येते. पंचायत अथवा शाळा स्वतःच्या निधीतून अशी सायकल घेणार असेल तर दरपत्रकासोबत चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी, त्यावरील मॉडेलचे नाव सायकलीवरील नावाशी ताडून पाहावे आणि ती प्रत दप्तरी ठेवावी. प्रमाणपत्र नाही असे विक्रेत्याने म्हटल्यास खरेदी करू नये. वाहन कितीही हळू चालत असले तरी प्रमाणपत्राविना ते सूट मिळालेल्या वर्गात बसत नाही. शिरस्त्राण या वर्गास सक्तीचे नाही, परंतु उताराला लागलेल्या सायकलीस मोटार बंद असली तरी वेग येतोच, आणि तेथे तीन हजार मिलिमीटर पावसात भिजलेले ब्रेकच काय ते उपयोगी. पावसाळ्याआधी ब्रेकचे गुटके बदलून घ्यावेत. खाऱ्या हवेने तारांच्या जोडांवर हिरवट गंज चढतो, तो दर महिन्याला पाहावा.

राहता राहिली जुनी बॅटरी. ती तीन-चार वर्षांनी थकते आणि मग घराच्या मागे, क्वचित विहिरीच्या काठी पडून राहते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. हे सायकलीच्या बॅटरीलाही लागू होते. खरेदी करतानाच ती कोठे व कशी परत घेतली जाईल हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे. ग्रामसभेत कचऱ्याचा विषय निघेल तेव्हा भंगारवाल्याकडे अशा बॅटऱ्या फोडल्या जात नाहीत ना, याचीही चौकशी व्हावी. फुगलेली अथवा भिजलेली बॅटरी भारणास लावू नये, आणि झोपावयाच्या खोलीत तर कोणतीच बॅटरी रात्रभर भारू नये.